एका चुलीची दोन राज्ये

माझी बहीण यांगझोम ल्हासाची होती आणि मी गोरख्यांचा. आमची आई एक, वडील एक, आणि जिच्यावर उकळलेला लोण्याचा चहा पिऊन आम्ही वाढलो ती चूलही एकच. पण आमच्या पणजोबांच्या काळी काठमांडू आणि ल्हासा या दोन दरबारांत तह झाला, आणि त्यानंतर रिवाज असा पडला की आमच्या वडिलांसारख्या काठमांडूच्या नेवार व्यापाऱ्याला ल्हासातल्या बायकोपासून मुलगा झाला तर तो गोरखा, म्हणजे नेपाळ, सरकारची प्रजा, आणि मुलगी झाली तर ती तिबेटची. मुलाने गुन्हा केला तर त्याचा न्याय काठमांडूने नेमलेला वकील करी. मुलीने केला तर शहराचा न्यायाधीश, म्हणजे मिपोन. लहानपणी मला हा नियम पावसासारखा वाटे. तो कुठून येतो हे कुणी विचारत नाही. तो येतो, आणि काही अंगणे भिजतात, काही कोरडी राहतात.

वडील काठमांडूला आपल्या पहिल्या घरी परतले तेव्हा मला धड बोलता येत नव्हते. पुढे आई गेली. दुकान यांगझोमने हाती घेतले, आणि मलाही. बारखोर बाजाराच्या वळणावर, देवळाच्या मागच्या अंगाला आमचे दुकान होते: पोवळी, सुती कापड, सुया, साखर. पाटीवर नाव माझे होते, कारण गोरख्याच्या दुकानाला ल्हासात जकात नव्हती. गिऱ्हाइकांशी बोलायची ती. मी मागे बसून कापडाच्या घड्या घालत असे. कुणी मला भाव विचारला की माझे कान लाल होत आणि यांगझोम ओरडे, "त्याला नका विचारू, तो फुकट देऊन टाकेल!"

त्या वर्षी लोसारचा, नव्या वर्षाचा सण सरला तरी थंडी हटली नव्हती, आणि थंडीपेक्षा बातम्या अधिक बोचत होत्या. सीमेवरच्या कुतीच्या खिंडीखाली गोरख्यांची फौज जमते आहे. ल्हासात जुन्या बंदुका तेल लावून बाहेर काढल्या आहेत. भांडण कशावरून सुरू झाले हे कुणालाच धड सांगता येत नव्हते. कुणी म्हणे तंबाखूवरून, कुणी म्हणे सीमेवरच्या कुरणावरून. तंबाखूला ल्हासात बंदी होती, आणि गोरखा दुकानांत तो चोरून विकला जातो असा शिपायांचा संशय होता. तो अगदीच निराधार नव्हता. मात्र गोरख्याच्या दुकानाची झडती घ्यायची तर वकिलाचा माणूस बरोबर हवा, असा करार होता. त्या दिवसांत करार पातळ होत चालला होता.

आमच्या व्यापारी मंडळाचे थोरले, साहू लछुमान, घरोघर सांगून गेले: गोरखा प्रजेपैकी जो बाहेर पडेल त्याने टोपी घालूनच पडावे. टोपी दिसली की शिपाई हात आवरेल. टोपी नसेल तर तुम्ही कुणाचे हे त्याला कसे कळणार? तेव्हापासून आमच्या काळ्या गोल टोप्या बारखोरमध्ये एकदम जास्त दिसू लागल्या, आणि त्या प्रत्येक टोपीखाली एक भ्यालेला माणूस चालत होता.

त्या सकाळी मी आईच्या नावाने दिवा लावायला देवळात गेलो होतो. देवळात टोपी काढावी लागते आणि गर्दीत ती हरवेल या भीतीने मी ती घरीच ठेवली. परतलो तेव्हा दुकानाची फळी अर्धी उघडी होती. पोवळी उंबऱ्यावर विखुरली होती आणि कापडाचे ठाण चिखलात लोळत होते. यांगझोम आत पायरीवर बसली होती. अंगात माझा कोट, डोक्यावर माझी टोपी, मांडीवर दाराचा अडसर.

"आचे, हे काय?" मी विचारले. मोठ्या बहिणीला आम्ही आचे म्हणतो.

"आधी दार लाव."

मी दार लावले. अडसर तिच्याकडेच होता, म्हणून पाठ टेकून उभा राहिलो.

"तोब्ग्याल जमादार आला होता," ती म्हणाली. "बरोबर चार शिपाई. सकाळी सकाळी तोंडाला छांगच्या दारूचा वास. म्हणे, तंबाखू काढ. मी म्हटलं, वकिलाचा माणूस आण आणि मग हवी ती पेटी उघड. आवाज जाड काढला होता मी. तुझ्यासारखा नाही, साहू लछुमानसारखा."

"तू माझी टोपी का घातलीस?"

"दुकान उघडायचं होतं ना! तू देवळात. बाई एकटी दिसली की झडती घेतात, टोपी दिसली की पुढे जातात, असं तूच सांगितलंस."

"मग?"

"मग आईची पेटी उघडली त्याने. बायकांनी कमरेपुढे बांधायचं तिचं पांगदेन स्वतः बांधून नाचला. तरी मी गप्प बसले, बेखा. देवाशपथ गप्प बसले. मग म्हणाला, ए गोरख्या, टोपी काढ, खाली डोकं आहे का बघू. आणि हात घातला." तिने स्वतःच टोपीला हात लावून पाहिला, ती अजून जागेवर आहे ना याची खात्री करावी तसा. "टोपी निघाली असती तर वेण्या खाली आल्या असत्या. तिबेटची बाई गोरख्याची टोपी घालून बसलीय म्हटल्यावर काय झालं असतं? मी अडसर उचलला."

"मेला का तो?"

"मला काय विचारतोस? मी काय नाडी धरून बसले होते? उचलून नेला त्यांनी. कानातून रक्त येत होतं."

बाहेर कुणीतरी धावत गेले. आम्ही दोघांनीही श्वास रोखला. पावले पुढे गेली.

"ते ओरडत गेले," ती हळू म्हणाली. "गोरख्याने मारलं, गोरख्याने मारलं."

त्या क्षणी मला सगळे एखाद्या नकाशासारखे स्पष्ट दिसले. शिपायांनी टोपी पाहिली होती, चेहरा नाही. त्यांच्या लेखी गुन्हेगार गोरखा पुरुष होता, आणि तसा पुरुष या घरात एकच होता. मला वकील दंड करील, फार तर कोठडीत घालील. तिला मिपोनचे लोक भर बाजारात पालथे पाडतील. मी असा एक माणूस पाहिला होता. त्याला चाबकाखालून उठवल्यानंतर तो पुन्हा कधी सरळ चालला नाही. आणि जमादार दगावला तर चाबकावर भागणार नव्हते.

"टोपी दे," मी म्हणालो.

"कशाला?"

"मी मारलं."

ती हसली. त्या अवस्थेतही हसली. "तू? तुझ्याने अंगणातली कोंबडी हुसकवत नाही. कोंबडी तुला हुसकवते!"

"आचे, दे."

"आणि त्यांनी तुला मागितलं तर? वकिलाच्या दारावर परवापासून शिपाई बसलेत. गोरखा हवा म्हणून ते दार फोडून आत गेले, तर तिकडे कुतीला काय होईल? लोक मरतील, बेखा. माझ्या एका पाठीसाठी."

मी तिच्या डोक्यावरची टोपी काढली. दोन्ही वेण्या तिच्या खांद्यांवर पडल्या, आणि एकाएकी ती फार थकलेली दिसली. ती काही बोलण्याआधी मी मागच्या दाराने बाहेर पडलो.

वकील रणध्वज बस्न्यात गच्चीत उन्हाला बसले होते. गुडघ्यांवर मोहरीचे तेल चोळलेले, शेजारी गुडगुडी. खाली दाराबाहेर शिपायांची रांग गच्चीतून सरळ दिसत होती, आणि वकिलांनी तिच्याकडे पाठ केली होती. ते ल्हासात इतकी वर्षे होते की त्यांची नेपाळी शिवीगाळही तिबेटी सुरात होई.

मी गल्लीकडच्या मागच्या दाराने आत शिरलो होतो. हात जोडून उभा राहिलो. "मी मारलं, हुजूर."

"अस्सं. कशाने?"

"अडसराने."

"कुठल्या हाताने?"

मी थांबलो. हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. "उजव्या."

"जखम त्याच्या उजव्या कानावर आहे. समोरून मारणाऱ्याचा हात डावा असणार. बस खाली." त्यांनी गुडगुडीचा एक झुरका घेतला. "तुझी बहीण डावरी आहे, हे तिच्याकडून ज्याने एक हात कापड मोजून घेतलंय त्याला माहीत आहे. टोपी तिने घातली होती?"

माझे मौन ओळखणाऱ्या माणसांपुढे मला कधीच खोटे बोलता आलेले नाही.

"मूर्ख पोरगी," वकील म्हणाले, पण रागाने नाही. "आता ऐक. जमादार जिवंत आहे, शुद्धीवर येतोय. उद्या सुनावणी. मी खरं सांगितलं, तर हे खालचे शिपाई घरी जातील. तिबेटच्या बाईने तिबेटच्या शिपायाला मारलं. माझा संबंध काय? आणि खोटं रेटलं, तर ते गोरखा मागतील, मला तो देता येणार नाही, आणि मग कुणीतरी हे दार ढकलेल. काठमांडूला एवढंच निमित्त हवं असलेली माणसं आहेत. इथेही आहेत. मला रात्री झोप लागत नाही ती गुडघ्यांमुळे नव्हे."

"हुजूर, तिला चाबूक पडतील."

"पडतील."

"तुम्ही तिच्या हातचा चहा पिता. आमच्या दुकानात येऊन."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "उद्या मी तुला सगळ्यांसमोर विचारेन. तेव्हा खरं बोल. एवढंच सांगतो."

"नाही बोलणार," मी म्हणालो.

वडीलधाऱ्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटले होते. तो शब्द तोंडातून गेल्यावर मला वाटले की गच्चीवरचे ऊन जरासे सरकले.

मला त्यांनी तिथेच ठेवून घेतले. दिवसभर मी खिडकीच्या फटीतून खाली बघत होतो. शिपाई विस्तवाभोवती बसून सातूचे गोळे मळत होते आणि मधूनच एखादा दाराकडे बोट दाखवून थुंकत होता. दुपारी यांगझोम आली. तिला त्यांनी आत सोडले नाही. "गोरख्याच्या घरात तुझं काय काम?" एकाने विचारले. तिने काय उत्तर दिले ते मला ऐकू आले नाही, पण शिपाई हसले नाहीत.

सुनावणी दोन्ही बाजूंना चालेल अशा जागी, देवळाजवळच्या एका सभागृहात झाली. आधी बराच वेळ गाद्यांवर गेला. मिपोनची गादी वकिलाच्या गादीपेक्षा बोटभर उंच आहे असे आमच्या मुनशीने हरकत घेऊन सांगितले. मग वकिलाच्या गादीखाली एक गालिचा सरकवला. मग तिकडच्या कारकुनाला ती आता उंच वाटू लागली. दाराबाहेर बंदुका घेतलेली माणसे उभी होती आणि आत दोन म्हातारे आपल्या गाद्या मापून घेत निमूट बसले होते. मला तेव्हा हसू आले नाही. त्या बोटभर उंचीवरून माणसे मेली असती.

जमादार तोब्ग्यालला दोघांनी धरून आणले. डोक्याला पट्टी, चेहरा पिठासारखा. त्याच्या मागे त्याचे शिपाई भिंतीला टेकून उभे होते.

मिपोन हा बारीक, शांत माणूस होता. शांत माणसांचे मला नेहमी अधिक भय वाटत आले आहे. तो म्हणाला, "गोरखा कुशो, तुमच्या माणसाने आमच्या जमादाराला मारलं. तो आमच्या हवाली करा."

"आधी ऐकून तर घेऊ," वकील म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "बेखामान. खरं सांग."

"मी मारलं."

वकिलांनी डोळे मिटले. मग उघडले. मी पाहिले की त्यांनी निर्णय घेतला आहे, आणि तो माझ्या बाजूचा नाही. "कुशो," ते मिपोनला म्हणाले, "जखम उजव्या कानावर आहे. हा पोरगा उजवा आहे. याच्या घरात डावा हात..."

"माझा आहे!"

यांगझोम दारातून आत आली होती. दोन शिपाई तिला अडवत होते आणि ती त्यांना ओढत आणत होती असेच म्हणायला हवे. तिने माझा कोट घातला होता. वेण्या वर बांधल्या होत्या.

"मी मारलं," ती म्हणाली. "याच्या टोपीत मी होते. हा देवळात होता. विचारा पुजाऱ्याला."

कुणीतरी हसले. मग आणखी कुणी. भिंतीजवळचे शिपाई एकमेकांकडे बघू लागले, आणि एकाने तोंड फिरवले तरी त्याचे खांदे हलताना दिसत होते.

"बाईने?" कुणी तरी मागून म्हणाला. "जमादारसाहेब, बाईने?"

"आणि तीही सुया विकणारी!"

"म्हणून कानाला भोक पडलं काय!"

तोब्ग्यालच्या पांढऱ्या चेहऱ्यावर रंग चढू लागला. मिपोनने एक हात उचलला आणि सगळे गप्प झाले.

"तोब्ग्याल," तो म्हणाला. "तुला या बाईने मारलं का?"

मी त्या माणसाचा चेहरा आयुष्यभर विसरणार नाही. त्याला सत्य माहीत होते. यांगझोमकडे त्याने एकदाच पाहिले आणि झटकन नजर काढली, यावरूनच ते कळत होते. त्याने हो म्हटले असते तर प्रश्न तिथे मिटला असता: शिपाई वकिलाच्या दारातून उठले असते, यांगझोमला पालथे पाडले असते, आणि संध्याकाळपर्यंत सगळे शहर जमादारावर हसले असते.

"नाही," तोब्ग्याल म्हणाला. "गोरख्याने मारलं. याने."

त्याने माझ्याकडे बोट केले. आणि मला आश्चर्य वाटले ते मिपोनचे. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी ओझे उतरल्यासारखे झाले. मग मला उमगले. सीमेवर फौजा समोरासमोर असताना ल्हासाचा जमादार एका दुकानदारणीने आडवा केला, ही बातमी कुतीला पोचणे त्याला परवडणारे नव्हते. त्याला गोरखाच हवा होता. वकिलाला हवे असलेले सत्य त्याच्या काही कामाचे नव्हते.

"खोटं बोलतोय तो!" यांगझोम ओरडली. "घाबरलाय. अरे बाबा, माझ्याकडे बघ! आईचं पांगदेन बांधून नाचलास ते आठवतं का? त्याआधी मी काय म्हणाले? सांगू?"

शिपायांत पुन्हा चुळबुळ झाली. ते नाचणे ज्यांनी पाहिले होते ते भिंतीशी उभे होते. तिने आणखी दोन वाक्ये उच्चारली असती, आवाज जाड करून तो संवाद पुन्हा म्हणून दाखवला असता, तर त्यांच्यापैकी एखाद्याने हसून मान डोलावली असती. आणि मिपोनला मग तिला सोडता आले नसते. गाद्यांवरचे दोघेही तिच्याकडे बघत होते. वकिलांचे ओठ उघडले होते. ते तिला बोलू देणार होते.

लहानपणापासून मी लोकांच्या गर्दीत बोललेलो नव्हतो. मला बोलावे लागणार हे मला कळले, आणि काय बोलावे लागणार हेही कळले, आणि मधला क्षण इतका लांब होता की त्यात मी आमचे सगळे घर एकदा पाहून घेतले.

"कुशो," मी मिपोनला म्हणालो. माझा आवाज मला परका वाटला. "ही बाई माझी कुणी नाही. ही तिबेटची, मी गोरख्यांचा. हिला मी दुकानात कामाला ठेवलंय. लबाड आहे. मला उपकाराखाली बांधून दुकान लाटायचंय तिला. हिचं काही ऐकू नका."

यांगझोमचे तोंड उघडेच राहिले.

तिने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले नाही. मी मिपोनच्या गुडघ्यावर ठेवलेल्या हाताकडे पाहत राहिलो. त्या हाताची करंगळी किंचित हलत होती. कायद्याने मी खोटे बोललो नव्हतो. दोन दरबारांच्या तहाने ती माझी कुणी नव्हतीच. तेच मी फक्त तोंडाने म्हटले होते, आणि ते इतके सोपे, इतके पटण्यासारखे होते की सभेत कुणालाच त्याचे नवल वाटले नाही.

"ऐकलंत," मिपोन म्हणाला. "बाईला बाहेर काढा."

ती ओढली गेली नाही. स्वतःच वळली आणि चालत बाहेर गेली. एक शब्दही न बोलता. तिचा तो गप्पपणा मी त्या दिवसापर्यंत कधी ऐकला नव्हता.

पुढे जे झाले ते हळू आवाजात झाले. वकिलांनी आपल्या किटलीतला चहा मिपोनच्या पेल्यात ओतवला. "माणूस माझा आहे हे तुम्हीच म्हणताय, कुशो. मग शिक्षाही माझी."

"चाबूक?"

"गोरख्याला ल्हासात चाबूक पडला तर काठमांडूला मी काय सांगू? हद्दपारी. जन्मभर. पहिल्या तांड्याबरोबर जाईल आणि पुन्हा या शहरात पाऊल टाकणार नाही. जमादाराच्या औषधपाण्याचं मी बघतो."

मिपोनने पेला हातात धरला, पण प्यायला नाही. "तुम्ही गोरख्याला हाकललंत असं लोक म्हणतील की आम्ही?"

"इथे म्हणतील तुम्ही. तिकडे म्हणतील मी त्याला तुमच्या हाती दिलं नाही. दोघांनाही घरी तोंड दाखवता येईल."

मिपोनने चहाचा घोट घेतला. मग त्याच्या कारकुनाने त्यांच्या किटलीतला चहा वकिलांपुढे आणला, आणि तोही घेतला गेला. दुपारपर्यंत वकिलाच्या दारातले शिपाई विस्तव विझवून उठले होते. साहू लछुमान सगळ्यांना सांगत होते की जुन्या मुरब्बी माणसांची गोष्टच वेगळी. त्या वर्षी कुतीला गोळी सुटली नाही. त्यात आमचा वाटा किती, आणि बर्फ वेळेवर वितळले नाही त्याचा किती, हे मी सांगू शकत नाही.

सभागृहातून बाहेर पडताना वकील माझ्याजवळ थांबले. "मी तिला देणार होतो," ते म्हणाले. "तुला कळलं ना?"

"कळलं, हुजूर."

"तरी माझ्यावर राग नाही तुझा?"

मी विचार करून सांगितले, "आहे." त्यांनी मान हलवली आणि निघून गेले.

तांडा निघाला त्या दिवशी वारा होता. नदीपर्यंतच्या वाटेवर वकिलाचा एक शिपाई माझ्याबरोबर होता, मला पोचवायला आणि मी पळू नये म्हणूनही. वाटेच्या दुसऱ्या कडेने, खेचरांच्या पलीकडून, यांगझोम चालत होती. ती माझी कुणी नव्हती. एकत्र चालणे बरे दिसले नसते. धुळीतून मधूनच तिचे पांगदेन दिसे, आईचे, पट्ट्यापट्ट्यांचे, आणि मग खेचर मध्ये येई.

घाटावर चामड्याच्या नावा लागल्या होत्या. सामान चढेपर्यंत वकिलाचा शिपाई तोंड फिरवून उभा राहिला. भला माणूस असावा. ती जवळ आली.

"शेवटी दुकान लाटलंच मी," ती म्हणाली.

मला बोलायचे होते. मी तोंड उघडले.

"गप्प राहा. एकदा बोललास तेवढं पुरे." तिने एक पुरचुंडी माझ्या हातात कोंबली, सुकलेले याकचे मांस आणि छुर्पीचे, वाळवलेल्या चीजचे, कडक तुकडे. "तिकडे आपल्या माणसांत चाललायस. जेवायला लाजू नको. लाजशील आणि उपाशी राहशील, आणि ते म्हणतील पोराला इकडे काही खायला घातलं नाही."

"ती माझी माणसं नाहीत, आचे."

"मग कोण तुझी?"

मी तिच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. वाऱ्याने ते कोरडे आणि लाल झाले होते. तिला उत्तर माहीत होते, आणि ते मी सगळ्यांसमोर उलटे सांगितले होते हेही माहीत होते, आणि का ते सुद्धा. तरीही तिला ते हवे होते. इथे, नदीकाठी, ज्याला कुणाचाही कान नव्हता अशा वाऱ्यात.

"तू," मी म्हणालो.

"मग ते तिथे म्हणायचं होतंस की," ती म्हणाली, आणि माझ्या कोटाची वरची गुंडी लावली. डाव्या हाताने.

नावाड्याने हाक मारली. मी बसलो. नाव वळली तेव्हा काठ माझ्यासमोर आला. ती थांबली नव्हती. मागे वळून शहराच्या वाटेला लागली होती, भराभर, एका हाताने पांगदेन वाऱ्यावर उडू नये म्हणून धरून. नदी रुंद होती आणि वाट सरळ होती, त्यामुळे ती मला खूप वेळ दिसत राहिली. ताठ चालत होती. तिच्या पाठीवर एकही वळ नव्हता.